लोणच्याची बरणी

महाराष्ट्रातील जेवणाच्या ताटाची मांडणी ठरलेली असते. उजव्या बाजूस भाजी, आमटी, उसळ. डाव्या बाजूस मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे. उजवीकडचे पदार्थ पोट भरण्यासाठी असतात, डावीकडचे त्यांना रुची आणण्यासाठी. म्हणूनच डावीकडच्या पदार्थांना ‘तोंडी लावणे’ असे म्हणतात. ते बोटाच्या अग्राने घ्यावयाचे, वाटीने नव्हे.

परंतु मराठवाड्यातील कितीतरी घरांत वर्षातील पुष्कळ दिवस असे येत, की ताटाला उजवी बाजूच नसे. ज्वारीची भाकरी, हाताने फोडलेला कांदा आणि लोणच्याची एक फोड, एवढ्यावर जेवण होई. लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात बसणारे लोणचे शेताच्या बांधावर मात्र भाजीच्या जागी येऊन बसे. आजही शेतात खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या फडक्यात भाकरीच्या घडीत लोणच्याची फोड असते. डाव्या बाजूच्या या लहानशा पदार्थाने माणसांना कठीण दिवसांत किती आधार दिला, हे पाहावयाचे असेल तर नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत पाहावे.

नांदेड गोदावरीच्या काठी आहे. लातूर जिल्ह्यातून मांजरा नदी वाहते. नद्यांची नावे मोठी असली, तरी हा प्रदेश मोठ्या पावसाचा नव्हे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात शेतांच्या कडेला भाजीपाला मुबलक असतो. चैत्र लागला की विहिरी तळ दाखवू लागतात, मळ्यातील वाफे भेगाळतात आणि बाजारात हिरवे काही मिळेनासे होते. नेमक्या याच दिवसांत आंब्याचे झाड कैऱ्यांनी लगडलेले असते. भाजी नाही आणि कैरी मात्र ढिगाने, अशी ही स्थिती. कैरी चार आठवड्यांत पिकून जाणार, किंवा वळवाच्या वाऱ्याने गळून पडणार. ती वर्षभर टिकली तर किती बरे होईल, असे पूर्वी कोणा गृहिणीच्या मनात आले असेल, तर त्यात नवल नाही. टिकविण्याचे साधन मात्र आंब्याच्या झाडावर नव्हते. ते समुद्रातून यावयाचे होते. ते साधन म्हणजे मीठ.

‘लोणचे’ या शब्दातच मीठ आहे. संस्कृतात मिठाला ‘लवण’ म्हणतात. ‘लवण’ या शब्दाचे मराठीत ‘लोण’ झाले आणि ‘लोण’ घालून टिकविलेले ते ‘लोणचे’. पुढे बोलीतून ‘लोण’ हा शब्द जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी ‘मीठ’ आला. हा ‘मीठ’ शब्द ‘मिष्ट’ या संस्कृत शब्दापासून झाला आहे. मिष्ट म्हणजे गोड, रुचकर. हिंदी भाषिक ज्या शब्दाने गोड पदार्थ ओळखतात, त्याच शब्दाने मराठी माणूस खारट पदार्थ ओळखतो; कारण मराठी माणसाला जेवणाची गोडी मिठाने येते असे वाटले! जुना ‘लोण’ मात्र काही शब्दांत दडून राहिला. मीठ नसलेले ते ‘अलवण’, म्हणजेच ‘अळणी’. मीठ तयार करणारे ते ‘लोणारी’. बुलढाणा जिल्ह्यातील खाऱ्या पाण्याचे सरोवर ज्या गावी आहे, ते ‘लोणार’. लहान मुलास दृष्ट लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला आणि मीठ उतरवून टाकीत, ते ‘लिंबलोण’. फार काय, सौंदर्याला ‘लावण्य’ म्हणतात तोही शब्द लवणावरूनच आला. मिठावाचून पदार्थ जसा नीरस, तसेच लावण्यावाचून रूप, अशी ही कल्पना आहे. ‘लोणी’ हा शब्द मात्र या कुटुंबातील नव्हे. तो ‘नवनीत’ या शब्दापासून झाला आहे. त्याला नुसत्या दिसण्यावरून येथे बसवू नये.

नांदेड आणि लातूर हे जिल्हे भाषांच्या सीमेवर आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या भागांच्या पलीकडे तेलुगू बोलली जाते. उदगीर, निलंगा या भागांच्या पलीकडे कन्नड. १९४८ सालापर्यंत हा सारा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे उर्दूही येथे घरोघरी कानांवर पडे. कन्नडमध्ये लोणच्याला ‘उप्पिनकायी’ म्हणतात. उप्पु म्हणजे मीठ आणि कायी म्हणजे कच्चे फळ. तेलुगूत ‘ऊरगाय’ म्हणतात. त्यात मुरण्याची, भिजत राहण्याची कल्पना आहे. उर्दूतील ‘अचार’ हा शब्द फारसीतून आला. इंग्रजीतील ‘पिकल’ हा शब्द ज्या डच शब्दाशी जोडला जातो, त्याचाही अर्थ खारे पाणी असाच आहे. एकमेकींची भाषा न समजणाऱ्या गृहिणी आपापल्या घरी एकच गोष्ट करीत होत्या, याची साक्ष हे शब्द देतात. कन्नड साहित्यात तर लोणच्याला मानाचे स्थान मिळाले. गुरुलिंग देशिक या कवीने १५९४ साली रचलेल्या ‘लिंगपुराणा’त सुमारे पन्नास प्रकारच्या लोणच्यांचा उल्लेख असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

आता प्रश्न असा, की समुद्र लातूरपासून साडेतीनशे आणि नांदेडपासून साडेचारशे किलोमीटरांहून दूर; मग मीठ येथे येई कसे? आगगाडी नव्हती, पक्के रस्ते नव्हते. मीठ बैलांच्या पाठीवरून येई. लमाण लोकांचे तांडे किनाऱ्यावरून मिठाच्या गोण्या बैलांवर लादून घाट चढत आणि परतताना देशावरचे धान्य घेऊन जात. एकेका तांड्यात शेकडो बैल असत. पुढच्या बैलाच्या गळ्यातील घंटेचा नाद ऐकला, की गावातील बायाबापड्या धान्याची सुपे भरून वेशीकडे निघत, कारण मीठ पुष्कळदा धान्याच्या बदल्यात मिळे. ‘लमाण’ हे नावही ‘लवण’ या शब्दावरूनच आले, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे लोणचे ज्या शब्दापासून झाले, त्याच शब्दापासून ते मीठ वाहून आणणाऱ्यांचेही नाव झाले! पुढे १९०० सालाच्या सुमारास मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादला जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी लातूरला पोहोचली. मीठ आगगाडीने येऊ लागले, तेव्हा तांड्यांचा हा व्यवसाय बुडाला. बैल विकून तांडे माळरानांवर स्थिरावले. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक तांडे आज शेती आणि मोलमजुरीवर जगतात. एका सोयीमागे कोणाची तरी रोजी जाते, ती अशी.

मीठ फळाला टिकविते कसे, हे समजण्यास एक साधी गोष्ट पुरे आहे. चिरलेल्या कैरीच्या फोडींवर मीठ घालून ठेवावे. तासाभरात भांड्याच्या तळाशी पाणी साचलेले दिसते. हे पाणी कोणी ओतलेले नसते. ते फोडींच्या आतून मिठाने ओढून काढलेले असते. या खारट पाण्याला ‘खार’ म्हणतात. अन्न नासविणारे सूक्ष्म जीवही पाण्यावाचून जगू शकत नाहीत. भोवतालचे मीठ फोडीतून जसे पाणी ओढते, तसेच या जीवांच्या शरीरांतूनही ओढते आणि ते निष्क्रिय होतात. समुद्राच्या पाण्यात शंभर भागांत सुमारे साडेतीन भाग क्षार असतात. लोणच्यात मीठ याच्या तिप्पट-चौपट लागते. खाऱ्या पाण्यात घालून विकावयाच्या लोणच्यात शेकडा निदान १२ भाग मीठ असलेच पाहिजे, असा आपल्या देशातील अन्नविषयक नियम आहे.

मिठाच्या जोडीला आंबटपणा येतो. कैरी, लिंबू, आवळा यांच्याजवळ तो मुळातच असतो. गाजर, फुलकोबी, गवार, ओली हळद यांच्याजवळ तो नसतो. म्हणून त्यांच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा चिंच घालावी लागते. काही ठिकाणी भाज्या सौम्य खाऱ्या पाण्यात काही दिवस ठेवतात. तेथे दुसरीच गंमत घडते. भाज्यांवर मुळातच असलेले काही उपकारक जंतू त्यांतील साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दुधाचे दही करणारे जंतू याच गोतावळ्यातले. फ्रान्समधील लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने १८५७ साली अशा आंबण्यामागे सूक्ष्म जीव असतात असे दाखवून दिले. ज्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बरण्या भरीत आल्या, त्यांना जंतूंची नावे ठाऊक नव्हती. पण कोणत्या दिवशी बरणी हलवावी आणि कोणत्या दिवशी तिला हात लावू नये, हे मात्र पक्के ठाऊक होते.

मोहरी, हळद, हिंग, मेथी हे मसालेही केवळ चवीसाठी नाहीत. मोहरी भरडून ओली केली, म्हणजे तीतून नाकात झणका देणारे द्रव्य निघते. ते बुरशीला व जंतूंना मानवत नाही. सर्वांत वर तेलाचा थर. बुरशीला हवा लागते आणि तेल हवेला आत येऊ देत नाही. लोणच्याचे हे बंदोबस्त पाहिले, म्हणजे एखाद्या किल्ल्याची आठवण होते: तट, खंदक आणि वर पहारा.

या किल्ल्यात लाल मिरची सर्वांत मागाहून आली. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ती सोळाव्या शतकात भारतात आणली. त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी, आले आणि मोहरी वापरीत. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचे लोणचे तांबडे नव्हतेच. ते पिवळे किंवा हिरवट असले पाहिजे. पाहुणी म्हणून आलेली ही मिरची पुढे घरची मालकीणच झाली. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे गाव तर आज लाल मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे.

वर्षाचे लोणचे घालण्याचा दिवस घरात सणासारखा असतो. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी तो उरकावा लागतो, कारण एकदा हवा दमट झाली की फोडी नीट सुकत नाहीत. कैरी कोवळी असून भागत नाही. तिची बाठ चांगली टणक झालेली असावी लागते. अशा कैरीची फोड बाठेच्या टणक सालीसह केली, तर ती वर्षभर मऊ पडत नाही. घरच्या विळीवर हे काम होत नाही. बाजारात जाड पात्याचे मोठे अडकित्ते घेऊन बसलेले लोक असतात. ते खाडखाड कैऱ्या फोडून देतात आणि भोवती मुले कोयी गोळा करीत हिंडतात. पलीकडे तेलंगणात तर बाठेसकट फोडीचेच लोणचे करतात आणि त्यात मोहरीची पूड सढळ हाताने घालतात. ते लोणचे सीमेवरच्या मराठी घरांतही आवडीने खातात.

मग घराच्या ओसरीवर जुने धुतलेले लुगडे पसरून फोडी वाळत घालतात. प्रत्येक फोड कोरड्या फडक्याने पुसतात. चिनी मातीच्या बरण्या आधीच धुऊन, उन्हात तापवून ठेवलेल्या असतात. तेल तापवून पूर्ण निववलेले असते. येथील जुन्या घरांत हे तेल करडईचे किंवा शेंगदाण्याचे असे. कारण रब्बीच्या ज्वारीबरोबर करडईही शेतात असे. अशा वेळी घरातली थोरली बाई आणि धाकटी मुलगी यांच्यात काही संवाद ठरल्याप्रमाणे होतात.

“आजी, मी हात धुऊन आले. आता फोडी कालवू?”

“धुतलेस ते चांगले केलेस. आता ते पुसून कोरडे कर. मग उन्हात धर. नखातसुद्धा पाणी राहता कामा नये.”

“एका थेंबाने काय होते?”

“एका थेंबाने बरणीभर बुरा येतो, बाई. आपण वर्षभर पावसाची वाट पाहतो. पण या बरणीला मात्र पाणी म्हणजे वैरी.”

“आणि मीठ किती घालायचे?”

“पाच किलो फोडींना किलोभर घे. मग चाखून बघ. आज खारट लागले पाहिजे. आज बेताचे लागले, तर श्रावणात अळणी लागेल आणि दिवाळीपर्यंत टिकायचे नाही.”

आजच्या चवीवर न जाता चार महिन्यांनंतरची चव ओळखणे, हीच या कलेतील खरी खुबी होय. ती पुस्तकातून येण्यास कठीण. पुस्तक प्रमाण सांगते; पण यंदाची कैरी किती आंबट आहे, मीठ जाडे आहे की बारीक, हवा कोरडी आहे की ढगाळ, हे हातालाच ओळखावे लागते.

कालविलेल्या फोडी बरणीत दाबून भरतात. वर दोन बोटे तेल येईल असे पाहतात. तोंडाला स्वच्छ फडके बांधतात. त्याला ‘दादरा’ म्हणतात. पुढे बरणी अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात जाते आणि लोणचे मुरू लागते. हा ‘मुरणे’ शब्दही लक्षात ठेवण्याजोगा आहे. मीठ, आंबटपणा, तेल आणि मसाला फोडीच्या आत शिरून एकजीव होणे म्हणजे मुरणे. यावरूनच पुष्कळ अनुभव घेतलेल्या माणसाला ‘मुरलेला माणूस’ म्हणतात. उलट एखादी वस्तू कोणी उगाच जपून ठेवली, तर लोक विचारतात, “त्याचे काय लोणचे घालायचे आहे?” लोणच्याला मुरू देणे शहाणपणाचे, पण प्रत्येक वस्तूचे लोणचे होत नाही, हेही भाषेने सांगून ठेवले आहे.

कैरीचे लोणचे हे लोणच्यांचे राजे खरे, पण राज्य मोठे आहे. हिवाळ्यात ओल्या हळदीचे लोणचे घालतात. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या परिसरात हळद पुष्कळ पिकते आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीच्या चिंचेलाही ते मिळाले. कच्ची चिंच आणि हिरवी मिरची मीठ घालून ठेचतात. हा ठेचा बरणीत पुष्कळ दिवस राहतो आणि भाकरीवर घेतला की डोळ्यांत पाणी आणि तोंडात चव एकदमच येते. अंबाडीच्या पाल्याचे आंबट लोणचे सीमाभागात विशेष आवडीचे. भोकराचे लोणचे करणे मात्र जिकिरीचे असते. भोकर या फळाच्या आत चिकट गर आणि बी असते. ते फोडून, मिठाच्या बोटाने बी काढावी लागते, नाही तर चिकटपणा सर्व हातांना लागतो. नांदेड जिल्ह्यात भोकर नावाचा तालुका आहे. पण तेथील मुलांनाही हे फळ आता क्वचितच पाहावयास मिळत असेल.

नांदेड येथे शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली देह ठेवला. त्यांच्या स्मृतिस्थानी असलेल्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी पंजाबातून सतत यात्रेकरू येतात. पंजाबात हिवाळ्यात गाजर, सलगम आणि फुलकोबी यांचे गूळ व मोहरी घातलेले गोड-आंबट लोणचे करतात. म्हणजे कैरी न पिकणाऱ्या ऋतूतही लोणचे थांबत नाही. ऋतू जे देईल ते बरणीत जाते.

हे ज्ञान केवळ आपल्या देशाचे आहे असेही नव्हे. कोरिया देशात हिवाळ्यापूर्वी शेजारपाजारची कुटुंबे एकत्र जमून कोबीचे ‘किमची’ नावाचे लोणचे घालतात आणि ते एकमेकांना वाटतात. दक्षिण कोरियातील या सामुदायिक रिवाजाला २०१३ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. तेथे कडक थंडीने भाजी मिळत नाही, येथे कडक उन्हाने. कारणे उलटी, पण उपाय एकच.

लोणच्याने तर जहाजेही वाचविली आहेत. पूर्वी लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना महिनोन्‌महिने ताजी भाजी मिळत नसे. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, दात पडत आणि अनेकजण मृत्युमुखी पडत. या रोगाला ‘स्कर्व्ही’ म्हणतात. तो ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे पुष्कळ उशिरा कळले. १७६८ साली इंग्लंडहून निघालेल्या कप्तान जेम्स कुकने आपल्या जहाजावर खारवून आंबविलेल्या कोबीची पिंपे घेतली. खलाशी ती आंबट कोबी खाईनात. कुकने सक्ती केली नाही. त्याने ती कोबी रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर मांडावयास सांगितली आणि खलाशांना मात्र हवी तर घ्या, नको तर राहू द्या, असे कळविले. वरिष्ठ ज्याला मान देतात ते उत्तमच असले पाहिजे, असे खलाशांना वाटले. थोड्याच दिवसांत मागणी इतकी वाढली, की ती मोजून वाटावी लागली. आईने ताटात वाढलेली भाजी टाळून पाहुण्यांच्या ताटाकडे पाहणाऱ्या मुलांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

मराठवाड्यावर समुद्राचे संकट कधी आले नाही. त्याच्यावर संकट आले ते कोरड्या आभाळाचे. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. गावेच्या गावे दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास व माती उपसण्यास गेली. दिवसभर उन्हात राबणाऱ्यांना ताजी भाजी कोठली? भाकरी आणि तिच्यावर चटणी किंवा लोणच्याचा खार, हे दुपारचे जेवण. घामावाटे जे मीठ अंगातून जाई, ते थोडेबहुत त्या खारातून परत मिळे. पुढे २०१६ साली लातूर शहराला पिण्याचे पाणीही उरले नाही. त्या वर्षीच्या १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. मीठ आणणाऱ्या लहान गाडीपासून पाणी आणणाऱ्या या गाडीपर्यंत शंभर वर्षांचा काळ लोटला होता.

एवढे सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भाकरी आणि लोणचे हे पूर्ण जेवण नव्हे. ते गरिबीने शिकविलेले जेवण होते. त्याचे कौतुक करताना त्यामागची ओढाताण विसरणे बरे नव्हे. माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. लोणच्याच्या दोन-चार मोठ्या फोडींतच त्यातला बराच भाग संपतो. ज्यांना उजवीकडची भाजी मिळते, त्यांनी लोणच्याला त्याच्या डावीकडच्या जागीच ठेवावे, हे उत्तम.

आज लोणचे दुकानात तयार मिळते. त्यात वाईट काही नाही. अनेक गावांत बायकांचे बचत गट लोणची घालून विकतात आणि त्या पैशांतून मुलांच्या शाळेचा खर्च भागवितात. ज्या हातांचे कौशल्य पूर्वी घरातच राहत होते, त्याला मोल मिळू लागले. धोका आहे तो दुसरीकडे. लोणच्याला लागते ती आंबट, टणक, तंतुमय रायवळ कैरी. बांधावरची ही रायवळ झाडे कोणी लावलेली नसत. कोयी पडून ती आपोआप उगवत आणि प्रत्येक झाडाची चव निराळी असे. एखाद्या झाडाला ‘शेंदऱ्या’, एखाद्याला ‘खोबऱ्या’ अशी नावेही लोक देत. या झाडांना लाकडासाठी, रस्त्यासाठी, बांध मोकळे करण्यासाठी तोडले जात आहे. नव्या बागांतून केशर आंब्याची कलमे लागतात. त्यांचे फळ गोड आणि भाव देणारे, पण जुन्या लोणच्याची आंबट कैरी ते देत नाही. करडईचेही तसेच. तिच्या काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात. शेतांतून सोयाबीन आले आणि करडईचे क्षेत्र आक्रसत गेले. एका बरणीत लागणाऱ्या वस्तू अशा एकेक करून शेतातून निघून गेल्या, तर ती बरणी उरली तरी तीत काय भरावे?

रायवळ आंबा राखणे मात्र कठीण नाही. त्याला कलम लागत नाही, विकत रोप लागत नाही. पिकलेले आंबे खाल्ले की कोयी टाकून दिल्या जातात. त्यांतील भरदार, निबर कोयी पावसाच्या तोंडावर बांधाच्या कडेला पुराव्यात. सगळ्याच उगवतात असे नाही. जी उगवतात, त्यांना कैरी धरेपर्यंत सात-आठ वर्षे लागतात. गुरांनी शेंडा खाऊ नये म्हणून भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे लागते.

दरम्यान लोणच्याचा प्रवास चालूच आहे. लातूर आणि नांदेड ही आता शिक्षणाची मोठी केंद्रे झाली आहेत. खेड्यापाड्यांतून हजारो मुले-मुली तेथे खोल्या घेऊन शिकण्यासाठी राहतात. त्यांतील कित्येकांचा जेवणाचा डबा गावाकडून एस. टी.च्या गाडीने येतो. सकाळी आई डबा गाडीत ठेवते. दुपारी बसस्थानकावर मुले आपापला डबा ओळखून घेतात. भाकरी वाटेत गार झालेली असते, भाजीचा वास कधी कधी उन्हाने बदललेला असतो. त्यावर तोड म्हणून खोलीतल्या कपाटात एक काचेची बाटली असते. तिच्या तोंडावर झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर दोऱ्याचे चार वेढे असतात. तेल पुस्तकांवर गळू नये म्हणून. बाटली देताना आईने सांगितलेले असते, की चमचा कोरडाच घाल.